घरघंटी लावली की ईएलसीबी पडतो? आधी गिझरचा प्लग काढून बघा

सांगलीत वायरमनचं काम करून मला वीसेक वर्षं झाली. या वर्षांत सगळ्यात जास्त कानावर आलेली तक्रार म्हणजे, "अमुक एक वस्तू लावली की लाईट जाते, वर केलं की परत पडतं." सगळ्यात जास्त वेळा निदान चुकतं तेही याच तक्रारीत. जी वस्तू लावल्यावर लाईट गेली तीच बिघडली, असं घरातली माणसं धरून चालतात. घाईत असलेला वायरमनही तेच धरतो. मग चांगली वस्तू दुरुस्तीला जाते, चांगला ब्रेकर बदलला जातो, आणि चार दिवसांनी तक्रार जिथल्या तिथं. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

गेल्या श्रावणात गावभागातल्या एका काकूंचा फोन आला. घर जुनं, पण वायरिंग २०१९ च्या पुरानंतर सगळं नवीन केलेलं. "अरे, घरघंटी लावली की अख्ख्या घराची लाईट जाते. भाजणी दळायची तशीच राहिलीय," म्हणाल्या. त्याआधी दोन जण येऊन गेले होते. घरघंटीवाल्यानं मोटर उघडून बघितली, दुकानात नेऊन दोन तास चालवली, काही दोष निघाला नाही. दुसऱ्यानं ईएलसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की अख्ख्या घराची लाईट तोडणारा खटका, खराब आहे म्हणून नवीन बसवला. तोही पडायला लागला. मग तो म्हणाला, "काकू, हे काढून टाकू आणि थेट जोडून देतो, कटकटच जाईल." काकूंनी ऐकलं नाही. "घरात रांगतं पोर आहे, ते काढायचं नाही," एवढं त्यांनी ठामपणे सांगितलं. त्या काकूंचे मी मनापासून आभार मानतो, कारण पुढं जे सापडलं ते बघता तो ईएलसीबी काढला असता तर त्या न्हाणीघरात कधी ना कधी अनर्थ झाला असता.

नक्की काय पडतंय ते आधी बघा

बोर्डातलं काय पडलं, हे कुणी नीट बघून सांगत नाही. "एमसीबी पडला" असंच सगळे म्हणतात. डीबीत, म्हणजे घराच्या मुख्य बोर्डात, ओळीनं बसलेले अरुंद खटके म्हणजे एमसीबी. त्यातून जास्त करंट ओढला गेला किंवा फेज-न्यूट्रल एकमेकांना चिकटले की तो पडतो. त्यांच्या आधी बसवलेला, थोडा रुंद आणि ज्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं, तो आरसीसीबी. आपल्याकडं सगळे त्यालाच ईएलसीबी म्हणतात, मीही इथं तसंच म्हणतो.

ईएलसीबीचं काम एकच. फेजनं जेवढा करंट घरात गेला तेवढाच न्यूट्रलनं परत आला का, हे तो सतत ताडून बघतो. कमी परत आला म्हणजे बाकीचा कुठून तरी जमिनीत गेला. अर्थच्या वायरीतून गेला असेल, ओल्या भिंतीतून गेला असेल, नाहीतर माणसाच्या अंगातून. घरगुती ईएलसीबीवर ३० मिलिअँपिअर लिहिलेलं असतं. एवढा फरक पडला की त्यानं ०.३ सेकंदाच्या आत पडलंच पाहिजे. १५ च्या खाली त्यानं पडू नये, आणि १५ ते ३० च्या मध्ये कधीही पडू शकतो. घरघंटी किती वॅटची, गिझर किती वॅटचा, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

काकूंच्या घरी ईएलसीबीच पडत होता. म्हणजे लोड जास्त झाला वगैरे विषय तिथंच संपला, कुठून तरी गळती होती.

एमसीबी खाली पाडून फसगत होते ती अशी

सगळे एमसीबी खाली पाडायचे, ईएलसीबी वर करायचा आणि एकेक एमसीबी चढवत जायचं, ही गळती शोधायची नेहमीची रीत. रीत चांगलीच आहे. आधीच्या वायरमननंही तेच केलं होतं. स्वयंपाकघराचा एमसीबी चढवला, घरघंटी लावली, पडला. हॉलचा चढवला, घरघंटी हॉलमधल्या सॉकेटवर लावली, तरी पडला. गिझरचा एमसीबी तर तो पूर्ण वेळ खालीच होता. शिवाय काकू म्हणत होत्या की गिझर होळीपासून लावलेलाच नाही, पावसाळ्यात त्या बंबावर पाणी तापवतात. मग गिझरवर संशय कोण घेणार?

पण आपल्या घरांतले बहुतेक एमसीबी सिंगल पोलचे असतात. ते फक्त फेज तोडतात, न्यूट्रल नाही. भिंतीवरचं गिझरचं बटणही बहुधा फेजच तोडतं. म्हणजे बटण बंद, एमसीबी खाली, तरीही गिझरच्या कॉइलचं एक टोक न्यूट्रलच्या वायरीला जोडलेलं राहतं आणि गिझरची टाकी अर्थला. कॉइलच्या आत न्यूट्रलच्या बाजूला कुठं चीर पडली असेल, तर न्यूट्रल आणि अर्थ आतल्या आत जोडले जातात.

आता घरघंटी चालू केल्यावर काय होतं बघा. न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेला असतो, पण तिथून घरापर्यंत लांब वायर असते आणि तिला थोडा रोध असतो. त्यामुळं घरात करंट वाहायला लागला की घरातल्या न्यूट्रलवर जमिनीच्या मानानं दोन-चार व्होल्ट चढतात. घरघंटीची मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, तेवढ्या क्षणी हा आकडा आणखी वाढतो. मग घरघंटीचा परत निघालेला करंट सगळाच्या सगळा न्यूट्रलनं जात नाही, त्यातला थोडा गिझरच्या चिरेतून अर्थमध्ये उतरतो. ईएलसीबीला हिशेब जुळत नाही आणि तो पडतो. पंखा, दिवे यांचा करंट इतका कमी की त्यांच्यावर काही होत नाही. इस्त्री लावली की कधी पडायचा, कधी नाही. घरघंटीला मात्र हमखास. घरघंटीचा दोष तसूभरही नव्हता.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की ईएलसीबी पडत असेल तर बटण बंद करून किंवा एमसीबी पाडून वस्तू 'वगळली' असं समजू नका. प्लग सॉकेटमधून बाहेर काढा. गिझर, वॉशिंग मशीन, फ्रिज, मिक्सर, पाण्याची मोटर, सगळ्यांचे प्लग बाहेर. मग ईएलसीबी वर करा आणि ज्या वस्तूवर पडतो ती एकटी लावून बघा. एकटी लावून पडला नाही, तर ती वस्तू निर्दोष. मग बाकीचे प्लग एकेक करून नुसते घाला, बटण बंदच ठेवा, आणि दर वेळी ती पहिली वस्तू चालवून बघा. ज्या प्लगवर पडेल तो चोर. याला ना टेस्टर लागतो ना मीटर, घरातलं कुणीही करू शकतं. फक्त हात आणि पाय कोरडे असावेत आणि पायात चप्पल असावी.

काकूंच्या घरी गिझरचा प्लग काढला आणि घरघंटी लावली. दहा मिनिटं चालली. प्लग घातला, बटण बंदच होतं, आणि घरघंटी लावली. खट्. तीन वेळा करून दाखवलं तेव्हा त्यांचा विश्वास बसला.

गिझरच्या आत

काढलेल्या प्लगवरच मल्टिमीटर लावला. न्यूट्रल आणि अर्थच्या पिनेमध्ये ४४ ओम. फेज आणि अर्थमध्ये ७० ओम. फेज आणि न्यूट्रलमध्ये २६. या तीन आकड्यांतच सगळी कहाणी आहे. २००० वॅटच्या गिझरची कॉइल २३० व्होल्टला सुमारे २६ ओमचीच असते (२३० चा वर्ग भागिले २०००, हिशेब करून बघा), म्हणजे कॉइल तुटलेली नाही, पाणी तापवण्यापुरती ठीक. ७० मधून ४४ गेले की २६ उरतात, म्हणजे अर्थला जोडलं गेलेलं ठिकाण कॉइलच्या न्यूट्रलकडच्या टोकाशी आहे. चांगल्या गिझरमध्ये अर्थच्या पिनेशी दोन्ही आकडे मीटरच्या आवाक्याबाहेर जायला हवेत. हे सगळं प्लग बाहेर काढूनच मोजायचं, सॉकेटमध्ये असताना नाही. आणि आत थर्मोस्टॅट असतो, त्यामुळं पाणी गार असतानाच मोजायचं. तापलेलं असेल तर थर्मोस्टॅट उघडा राहतो आणि फेजच्या बाजूचं काही कळत नाही.

टाकी रिकामी करून कॉइल काढली. तांब्याच्या नळीवर पांढऱ्या क्षारांची जाड खपली, नखानं ओरखडलं तर चुन्यासारखी भुकटी पडायची. वळणापाशी खपली सुटली होती आणि तिथं हिरवट डाग. पुसून उजेडात धरल्यावर केसाएवढी चीर दिसली. या नळीच्या आत मध्यभागी नायक्रोमची तार असते आणि तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी भुकटी ठासून भरलेली असते. ही भुकटी उष्णता नळीपर्यंत पोचवते पण वीज जाऊ देत नाही, कोरडी असेपर्यंत. तिला ओल धरायची खोड आहे. नळीवर क्षार साचले की आतली उष्णता पाण्यात जात नाही, नळी जास्त तापते, तडकते, आणि चिरेतून पाणी भुकटीत शिरलं की गळती सुरू. काकूंकडं न्हाणीघराला बोअरचं पाणी. जड पाण्यावरच्या गिझरची कॉइल दर दोन वर्षांनी काढून साफ करावी, असं मी सगळ्यांना सांगतो.

कधी नळी शाबूत असते, पण महिनोन्‌महिने गिझर बंद राहिल्यानं टोकाच्या सीलमधून दमट हवा आत शिरते. पावसाळा संपून पहिल्या थंडीत गिझर लावल्यावर ईएलसीबी पडल्याचे फोन दरवर्षी येतात, ते बरेचसे याचेच. मग लोक ईएलसीबीला बगल देऊन गिझर तासभर चालवतात, "ओल वाळली की आपोआप थांबतं" म्हणून. वाळते कधी कधी, हे खरं. पण त्या तासाभरात अर्थिंग खराब असेल तर टाकी, नळ आणि शॉवरवर फेज उतरू शकतो. हे कुणीही करू नये, आणि कुणाला करूही देऊ नये.

आणखी एक गोष्ट मल्टिमीटरबद्दल. तो आतल्या सेलवर चालतो, दोन-चार व्होल्टच लावतो. २३० व्होल्टला ३० मिलिअँपिअर गळायला साडेसात हजार ओमच्या आसपासचा रोध पुरतो, आणि १५ हजारालाही ईएलसीबी पडू शकतो. त्यामुळं मीटरवर 'शॉर्ट' ची शिट्टी वाजली नाही म्हणजे कॉइल चांगली, असं नाही. खरी परीक्षा मेगरवर, म्हणजे ५०० व्होल्ट लावून गळती मोजणाऱ्या मीटरवर. तिथं एक मेगाओमच्या खाली आली की मी कॉइल बदलतो. कॉइलबरोबर रबरी गॅस्केट आणि टाकीला गंजण्यापासून वाचवणारा मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉडही नवीन घालून घ्यावा, टाकी परत परत उघडायची वेळ येत नाही.

प्लग सगळे काढले, तरी पडतो

मग दोष वायरिंगमध्ये. यात आपल्या गावाचं एक वेगळं दुखणं आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. २०२१ मध्ये परत पूर आला. पाणी ओसरल्यावर लोकांनी घरं धुतली, सॉकेट बदलले, पण भिंतीतल्या पाइपात आणि लोखंडी पेट्यांच्या कोपऱ्यात गाळ तसाच राहिला. कर्नाळ रोडच्या एका घरी पावसाळा आला की ईएलसीबी पडायचा, दिवाळीनंतर आपोआप बरा व्हायचा. चार वर्षं हे चाललं होतं. जमिनीपासून फूटभर उंचीवरच्या एका सॉकेटची पेटी उघडली तर मागं बोटभर सुकलेला गाळ, न्यूट्रलच्या जोडाला चिकटून. हवा दमट झाली की तो ओल धरायचा. खरवडून काढला, पेटी बदलली, जोड नव्यानं केले. त्यानंतर दोन पावसाळे गेले, तक्रार नाही. पुराचं पाणी जिथवर चढलं होतं त्या रेषेखालची प्रत्येक पेटी उघडून बघितल्याशिवाय अशा घरात निदान करू नये.

गच्चीवरचा दिवा, गेटवरची बेल, बागेतली वायर आणि पाण्याची मोटर ही पावसाळ्यातली बाकीची ठिकाणं. यांना प्लग नसतो, म्हणून बोर्डातल्या न्यूट्रल पट्टीवरून त्यांचा न्यूट्रलही सोडून बघावा लागतो. हे काम परवानाधारक वायरमनचंच. बोर्डाचं झाकण घरच्यांनी उघडू नये.

नवीन इन्व्हर्टर बसवल्यापासून ईएलसीबी पडायला लागला असेल, तर कुठलीच वस्तू तपासू नका. जोडणाऱ्यानं इन्व्हर्टरच्या लाइनचा न्यूट्रल ईएलसीबीच्या दुसऱ्या बाजूला किंवा दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलमध्ये मिसळलेला असतो. ज्यानं जोडलं त्यालाच बोलवा.

आणि एमसीबी पडत असेल तर

तो किती वेळानं पडतो ते घड्याळ लावून बघा. बटण दाबताक्षणी पडला तर शॉर्ट. प्लगची वायर वळते तिथं आणि गिझरच्या टर्मिनलपाशी आधी बघायचं. पाच-दहा मिनिटांनी, अर्ध्या तासानं पडत असेल तर गोष्ट तापण्याची आहे. २००० वॅटचा गिझर पावणेनऊ अँपिअर घेतो, १६ अँपिअरच्या एमसीबीवर तो दिवसभर चालायला हवा. तरी पडतो, याचं कारण दहातल्या सात घरी मला एकच मिळतं: ढिला स्क्रू. एमसीबीच्या खालचा किंवा सॉकेटमधला. जोड ढिला की तिथं उष्णता, ती एमसीबीच्या आतल्या पट्टीला पोचते आणि ती वाकून खटका पाडते. प्लगच्या पिना काळ्या पडल्यात का, सॉकेटचं प्लॅस्टिक पिवळट-तपकिरी झालंय का, हे डोळ्यांनी दिसतं. जळलेलं टोक कापून, ताजं तांबं काढून, नव्या सॉकेटमध्ये घट्ट आवळायचं. जुनाच सॉकेट घासून वापरू नये.

तीन किलोवॅटचा इन्स्टंट गिझर मात्र १३ अँपिअर घेतो. त्याच लाइनवर वॉशिंग मशीनही असेल, तर एमसीबी पडणारच, आणि पडतोय ते योग्यच आहे. एमसीबी ३० अंश तापमानाला जोखलेले असतात, हेही लक्षात असू द्या. वैशाखात बाहेर चाळीस आणि पश्चिमेच्या भिंतीवर बंद डबा असेल, तर ते लवकर पडतात.

या सगळ्यावर "१६ चा काढून ३२ चा बसवा" हा उपाय सुचवणारे पुष्कळ भेटतात. एमसीबी वायर वाचवायला असतो. भिंतीत अडीच स्क्वेअरची (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर जाडीची) वायर आणि तिच्यावर ३२ चा एमसीबी, म्हणजे खटका पडायच्या आधी वायर जळेल. वायर चारची किंवा सहाची ओढून घेतल्याशिवाय एमसीबी मोठा करू नका, आणि तसं करून देणाऱ्याला घरात घेऊ नका.

नळाला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं, शॉवरखाली अंगाला चुणचुण जाणवली, तर काही तपासत बसायचं नाही. मेन स्विच बंद, आणि वायरमन येईपर्यंत त्या न्हाणीघरात कुणाला जाऊ द्यायचं नाही.

काकूंच्या घरी नवीन कॉइल बसली. गिझरला मी डबल पोलचा एमसीबी घातला, तो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो, म्हणजे बंद केलेला गिझर खरोखर बंद. अर्थिंगचा खड्डा मागच्या अंगणात होता, कोरडा ठणठणीत. त्यात दोन बादल्या पाणी ओतलं आणि उन्हाळ्यात आठवड्याला एक बादली ओतायला सांगितली. ईएलसीबीचं 'टी' बटण दर महिन्याच्या एक तारखेला दाबायचं, दाबल्यावर तो पडला नाही तर लगेच फोन करायचा, हेही ठरलं. त्याच दुपारी भाजणी दळून झाली. निघताना काकूंनी डबाभर हातात दिली.